अलाकझाम मूर्तिजापूरला उतरला

अकोल्यातल्या घरात कूलर चार महिने कूलर असतो आणि आठ महिने कपाट. पावसाळा लागला की त्याच्या टाकीतलं पाणी काढतात, टाकी पुसून कोरडी करतात, आणि मग तिच्यात हळूहळू अशा वस्तू जमा होतात ज्या कोणाला लागत नाहीत, पण फेकायची कोणाची छातीही होत नाही. यंदा होळी चार दिवसांवर आली तेव्हा मी आमचा कूलर जिन्याखालून ओढला. टाकीत बिनझाकणाचा कुकर निघाला, सायकलचा पंप निघाला, बाबांच्या निवडणूक ड्युटीची कापडी पिशवी निघाली, आणि त्या पिशवीत, दुधाच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेला माझा गेमबॉय.

"तेच ना हे?" आई म्हणाली. "ज्याच्यापायी तू सातवीत गणितात बत्तीस मार्क आनले?"

चौतीस. पण आईशी आकड्यावरून वाद घालण्यात अर्थ नसतो. तिच्या आठवणीला सेल लागत नाही.

हा गेमबॉय आमच्याकडे 2000 साली मे महिन्यात आला. मामा न्यू जर्सीहून आला होता. त्याच्या बॅगेत घरातल्या बायकांसाठी शाम्पू, बाबांसाठी दाढीचं सामान, आणि माझ्यासाठी हे जांभळ्या पारदर्शक प्लास्टिकचं खोकं. आतल्या वायरी दिसत. शेजारच्या काकूंना वाटलं खोकं अर्धवट राहिलंय, वरचं झाकण लावायचं विसरले. सोबत एकच लाल कॅसेट होती : पोकेमॉन रेड. जपानात हा खेळ 27 फेब्रुवारी 1996 ला निघाला, अमेरिकेत सप्टेंबर 1998 ला पोचला, आणि अकोल्याला शाम्पूच्या बाटल्यांच्या मधात बसून आला. एक बाटली फुटली होती. कॅसेटला दोन वर्षं चांगला वास येत होता.

तोवर आम्हा पोट्ट्यांना टीव्हीचा गेम ठाऊक होता. एका कॅसेटमध्ये 9999 खेळ, त्यातले नऊ खरे, बाकीचे त्यांचेच सावत्र भाऊ. मारिओ, काँट्रा, बदकं मारायची बंदूक. तिथं सगळं बोटांच्या चपळाईवर. बटण दाबायला उशीर झाला की मेला. पोकेमॉन मात्र वेगळ्याच जातीचा निघाला. तुम्ही एक पोरगं. गावोगाव पायी हिंडायचं, गवतात चित्रविचित्र प्राणी भेटतील ते चेंडूत पकडायचे, पोसायचे, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. झुंज लागली की प्रत्येकाला जास्तीत जास्त चार चाली. आपण एक निवडायची, समोरचा एक निवडतो, दोघांच्या पार पडतात, मग पुन्हा आपली पाळी. मधल्या वेळात घड्याळ चालत नाही. तुम्ही जाऊन पाणी पिऊन या, जेवून या, दुपारची झोप काढून या, समोरचा राक्षस उभाच. वऱ्हाडाच्या उन्हाळ्याला याहून सोयीचा खेळ कोणी काढला नसेल.

आमचे मोठेबाबा गावाहून आले की माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावत. त्यांचा जन्म बैलबाजारात गेलेला. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून सौदा करायचा, तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गोष्टी. एकानं बोटं दाबली की दुसरा विचार करतो, बिडी पेटवतो, मग दाबतो. त्यांना हा खेळ पाच मिनिटांत समजला. "हा मारते, मंग तो मारते," ते म्हणाले, "मधात कोनीच घाई करत नाही. लय सभ्य मारामारी हाय बे."

मी त्यांना सांगितलं की सगळे प्राणी हरले तर आपल्या खिशातले अर्धे पैसे जातात. ते बराच वेळ गप्प बसले. त्या वर्षी कपाशीचं काही खरं नव्हतं.

"अर्धेच?" ते म्हणाले. "आन् बाकीचे अर्धे खिशातच रायतात? कोनाचं राज्य हाय बाप्पा हे?"

एक अडचण होती. गेमबॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. आतल्या दोन पेन्सिल सेलवर यंत्र बिनदिक्कत चाले, लाइन गेली तरी त्याला फरक पडत नसे. पण लाइन गेली की मला पडदा दिसत नसे. मे महिन्यात सगळं अकोला गच्चीवर झोपतं. तिथं मी तोंडात टॉर्च धरून खेळायचो. टॉर्च दातांत असल्यामुळे कोणी हाक मारली तर ओ देता येत नसे. शेजारच्या गच्चीवरच्या आजीनं आईला खासगीत विचारलं होतं की पोट्ट्याला फेफरं येतं का.

तर असा तो गेमबॉय. कुकर, पंप तसेच टाकून मी दोन सेल घातले, बटण सरकवलं. टिंग! आवाज तोच. लाल डोळा लागला. पंचवीस वर्षं कूलरमध्ये राहून यंत्र ठणठणीत. पण पडद्यावर जिथं 'पुढे चालू' असं यायला हवं, तिथं आलं फक्त 'नवा खेळ'.

कॅसेटच्या पोटात नाण्याएवढा सेल असतो. तुम्ही कुठवर पोचलात, काय पकडलंत, ही सगळी नोंद एका चिपमध्ये राहते आणि त्या चिपला हा सेल रात्रंदिवस घोटघोट वीज पाजत असतो. पंधरा-वीस वर्षांनी तो संपतो. मी वर्ष-दीड वर्ष खपून वाढवलेला, शंभराव्या पातळीला पोचलेला चारिझार्ड, शेपटीला आग असलेला माझा तो ड्रॅगन, कूलरच्या टाकीत, कोणत्या तरी दुपारी, कोणालाही न सांगता गेला होता. तिथीसुद्धा माहीत नाही. पान कोणत्या दिवशी वाढायचं?

मी अकोल्याहून अमरावतीला अपडाऊन करतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत राजकमल चौकाकडे एका घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे कॅसेट नेली. तिचा स्क्रू साध्या पेचकसानं निघत नाही, त्याची टोपी फुलासारखी पाकळ्यापाकळ्यांची असते. कारागिरानं डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं, बॉलपेनची रिकामी नळी मेणबत्तीवर मऊ केली, स्क्रूवर दाबली, गार होऊ दिली. नळीच्या टोकाला पाकळ्या उमटल्या. दोन वेढ्यांत स्क्रू बाहेर. मी इंजिनियरिंगला चार वर्षं घालवली होती.

"सेल मेला भाऊ," आत डोकावून तो म्हणाला. "सेलच मेला तं आठवन कायची राहीन?"

नवा सेल डाक लावून बसवला. ऐंशी रुपये घेतले आणि गिला वडा कुठला चांगला यावर फुकट सल्ला दिला.

लोक मला विचारतात, रस्ता एवढा मस्त झाला, मग आगगाडीच कशाला? खरं आहे. 2022 च्या जूनमध्ये आमच्याच या अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना, एका पदराचा 75 किलोमीटर रस्ता 105 तास 33 मिनिटांत सलग डांबरून गिनीज बुकात नोंदवला गेला. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता. दोहा कुठे, माना कुठे! पण स्टिअरिंग धरून गेमबॉय खेळता येत नाही. त्याच रस्त्याच्या समांतर, रुळावरून जाताना मला खेळातली पहिली गुहा ओलांडायला नऊ दिवस लागले. आमची नोंद कोणी घेतली नाही.

अपडाऊनच्या डब्यात पत्त्यांची पार्टी असतेच. आमच्या पार्टीत एक कॅशियर, एक बेलिफ, एक औषध दुकानदार आणि चौथा रोज बदलणारा. चौघांच्या गुडघ्यांवर पसरलेलं उपरणं, त्यावर मेंढीकोट. मी पलीकडे खिडकीशी बसून गेमबॉय काढला तेव्हा दोन दिवस त्यांनी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी चौथा आला नाही. तिघांत मेंढीकोट होत नाही. तिघंही माझ्याकडे सरकले.

"काय करून रायला बे?"

मी समजावून सांगितलं. पाणी आगीला मारतं, आग झाडाला, झाड पाण्याला. बेलिफ लगेच म्हणाले, "म्हंजे हुकूम बदलत रायते." इतकी नेमकी व्याख्या मी कुठं वाचलेली नाही.

सुरुवातीला म्हातारा प्राध्यापक तीन प्राण्यांपैकी एक घ्यायला सांगतो : झाडाचा, आगीचा, पाण्याचा. पार्टीनं मतदान घेतलं, पाण्याच्या बाजूनं तीन विरुद्ध शून्य. अकोल्याच्या माणसाचं मत पाण्याखेरीज कशाला जाणार? मी पुन्हा आगच घेतली. सातवीत घेतली होती तीच, शेपटीला वात असलेली पाल. त्याची शिक्षाही तीच मिळाली. पहिल्या मोठ्या झुंजीत समोर ब्रॉक नावाचा पैलवान, त्याच्याकडे दगडाचे प्राणी. बोरगावपासून काटेपूर्णेपर्यंत मी ठिणग्या टाकत होतो.

"दगडाले आग लावून रायला," कॅशियर म्हणाले. "याले कर्ज कोनं देलं?"

प्राण्यांना नावं ठेवता येतात, स्वतःलाही. पण स्वतःचं सातच अक्षरांत. माझं नाव इंग्रजीत अकरा अक्षरांचं आहे, त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वी मी खेळात मानेपाशी तोडलेला हिंडलो आणि आत्ताही तसाच हिंडतो आहे. प्रतिस्पर्ध्यालाही नाव द्यायचं असतं. तेव्हा मी शेजारच्या पोट्ट्याचं दिलं होतं. त्याचे बाबा पुढे आमच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. असो.

मोठेपणी खेळताना कळतं की हा खेळ लहान मुलांसाठी केलेला नाही, शेतकरी आणि सरकारी कामकाज यांची थोडीफार माहिती असलेल्या प्रौढांसाठी केलेला आहे. एका गावात सायकलचं दुकान आहे. सायकलची किंमत दहा लाख. आपल्या पाकिटात जास्तीत जास्त 9,99,999 मावतात. म्हणजे जन्मभर कमावलं तरी एक रुपया कमी. सातवीत मी खरंच पैसे साठवत बसलो होतो. पण दुसऱ्या गावात एका मंडळाचे अध्यक्ष बसलेले असतात. त्यांच्यासमोर बसून त्यांच्या लाडक्या घोड्याचं कौतुक शेवटपर्यंत ऐकलं की ते खूश होऊन एक कुपन देतात, आणि ते दाखवलं की सायकल फुकट! हे वाचून दाखवताच डब्यात शांतता पसरली. औषध दुकानदारांनी हळूच विचारलं, "हा जपान्यानं लेहलं म्हनता?"

गुहेच्या तोंडाशी एक विक्रेता भेटतो. पाचशे रुपयांत अत्यंत दुर्मिळ मासा, म्हणे. घेतला की कळतं, या मॅजिकार्पला उड्या मारण्यापलीकडे काही येत नाही, आणि त्या उड्यांनी समोरच्याला काही होत नाही. 2020 च्या खरिपात आमच्या मोठेबाबांच्या सहा एकरांत सोयाबीन उगवलंच नाही, तेव्हा मला पहिल्यांदा तो विक्रेता आठवला होता. फरक एवढाच की मॅजिकार्पला धीर धरून विसाव्या पातळीपर्यंत नेलं की त्याचा गायराडॉस होतो, अजस्र निळा नाग. आमचं बियाणं दुबार पेरणीनंतरही गायराडॉस झालं नाही.

आणि ते झुडूप! तुमच्याकडे आग ओकणारा प्राणी आहे, हवेत उडणारा आहे, पण रस्त्यात गुडघ्याएवढं झुडूप आलं की पाय वर करून ओलांडता येत नाही. ते कापायची विद्या एका जहाजाच्या कप्तानाकडून मिळवावी लागते, आणि वर ती वापरायला अमुक बिल्ला जिंकलेला असावा लागतो. बेलिफांना यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे धुऱ्यावरच्या एका बाभळीचा दावा आहे, वादीच्या आजानं लावलेला. बाभूळ नव्हे, दावा.

सगळ्यात जिवाला लागलेली गोष्ट वेगळीच. माझ्याकडे तेव्हा एक माकड होतं, भारी चिडकं. त्याला नेम धरायची एक चाल येई : एक पाळी नुसती दम घेण्यात घालवायची, की पुढचे घाव वर्मी बसण्याची शक्यता चौपट. मी झुंजीच्या सुरुवातीला नेमानं नेम धरायचो. आता इतक्या वर्षांनी वाचलं की खेळ लिहिणाऱ्यांच्या हातून तिथं चूक राहून गेली होती. ती चाल केली की शक्यता चौपट वाढत नाही, चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे ते माकड माझ्याकडे दर वेळी एवढ्या रागानं का पाही ते आता कळलं. आणि दहावीच्या सुट्टीत आमच्या बाबांनी मला ज्या क्लासला घातलं होतं त्याचाही थोडा उलगडा झाला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बडनेऱ्याहून संध्याकाळची गाडी. पार्टी माझ्या बाजूनं लढत होती. आता ते पत्ते उपरण्यात गुंडाळूनच ठेवत. गवतातून एक जांभळा साप निघाला, एकान्स. मी चेंडू फेकला, साप आत गेला, चेंडू तीनदा हलला, थांबला. डब्यात टाळ्या पडल्या.

वरच्या बाकावरून आवाज आला. "हा साप मले पंचवीस वर्सं झाले भेटला नाही."

सगळ्यांनी वर पाहिलं. चप्पल उशाशी घेऊन एक पन्नाशीचे गृहस्थ आडवे झाले होते. रोजचा चेहरा, मूर्तिजापूरला उतरतात, अमरावतीच्या एका कार्यालयात आवक-जावक सांभाळतात, एवढीच माहिती. ते खाली उतरले, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून एक पिवळा गेमबॉय काढला आणि माझ्यासमोर धरला. कॅसेट निळी होती.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. हा खेळ ज्यानं काढला तो सातोशी ताजिरी, 1965 चा जन्म, टोकियोजवळच्या माचिदात वाढला. लहानपणी त्याला किडे गोळा करायचा नाद. पुढे ओढे-डबकी बुजून तिथं इमारती आल्या. मोठेपणी त्यानं दोन गेमबॉय जोडणारी वायर पाहिली आणि त्याला वाटलं, या वायरीतून किडा सरपटत इकडून तिकडे गेला तर? सगळा खेळ त्या एका सरपटण्यातून निघाला. आपल्याकडे मिरगाचा पहिला पाऊस पडला की वावरात लाल मखमलीचे किडे निघतात. ते काडेपेटीत ठेवून आम्ही शाळेत नेत असू आणि मधल्या सुट्टीत अदलाबदल करत असू, दोन लहानांना एक मोठा. त्यामुळे ताजिरीचं म्हणणं मला सातवीतच पटलं होतं. पण त्यानं एक पेच घालून ठेवला. त्यानं दोन कॅसेटी काढल्या, जपानात रेड आणि ग्रीन, बाहेर रेड आणि ब्लू. साप फक्त लाल कॅसेटीत, मांजर फक्त निळ्या. काही प्राणी तर असे की वायरीतून दुसऱ्याच्या यंत्रात गेल्याशिवाय मोठेच होत नाहीत. कडाब्रा नावाचा एक चमचेवाला जादूगार. तो दुसऱ्याकडे गेला की तिकडे पोचताच अलाकझाम होतो. घरी कितीही वर्षं ठेवा, कडाब्राच. खेळातले सगळे 151 प्राणी पुरे करायचे तर दुसरा माणूस लागणारच. टोकियोत दुसरा माणूस शेजारच्या बाकावर असायचा. अकोल्यात तेव्हा काडेपेट्या ढीगभर होत्या, गेमबॉय माझा एकटा. निदान मला तसं वाटत होतं.

"तुमचा कुठून आला?" मी विचारलं.

"मेहुना मस्कतले होता. दोन हजार सालीच." ते म्हणाले. मूर्तिजापूर अकोल्याहून पाऊण तासावर. पंचवीस वर्षं.

त्यांचा सेल अजून जिवंत होता. सरकारी माणसाच्या हातात वस्तू जास्त टिकते, असं कॅशियर म्हणाले, त्यात थोडी असूया होती. मग त्या गृहस्थांनी पिशवीतून आणखी एक पुडकं काढलं. मूळ प्लास्टिकमधली वायर, सील न फोडलेली.

"घेतली होती सोबत," ते म्हणाले. "एक टोक माह्या गेममंदी जाईन. दुसरं टोक कोनाच्या डोस्क्यात खुपसू?"

गाडी कुरूम सोडत होती. मूर्तिजापूरला फार वेळ नव्हता. पार्टीनं सूत्रं हातात घेतली. बेलिफांनी सील फोडलं, पंचनामा केल्यासारखं चौघांना दाखवून. औषध दुकानदारांनी वायर हातावर तोलून धरली, गाडीच्या धक्क्यानं टोक निसटू नये म्हणून. मी माझा कडाब्रा द्यायचा, त्यांनी त्यांचा मचोक द्यायचा. तोही अदलाबदलीशिवाय मोठा न होणारा पैलवान. पहिली बदली मोठं होण्यासाठी, दुसरी आपापला परत घेण्यासाठी, असं ठरलं. गृहस्थांनी आधी खिशातून पेन काढलं आणि जुन्या तिकिटाच्या पाठीवर लिहिलं. जावक, मचोक, नग एक. आवक, कडाब्रा, नग एक. खाली तारीख टाकून सही केली. माझीही घेतली.

दोघांनी बटण दाबलं. पडद्यावर एक नळी आली आणि तिच्यातून एक गोळा हलत हलत निघाला. औषध दुकानदारांनी वायरीकडे पाहिलं. त्यांना हाताला काही तरी सरपटल्यासारखं लागलं, असं ते अजूनही शपथेवर सांगतात.

माझ्या पडद्यावर मचोक पोचला, थरथरला, पांढरा झाला आणि त्याला दोनाचे चार हात फुटले. नाव मात्र तेच राहिलं, मूळ मालकानं ठेवलेलं. सर्जा.

"बैलाचं नाव ठेवलं होतं," गृहस्थ थोडे लाजून म्हणाले. "तवा घरी होता." मग त्यांच्या हातातल्या पडद्याकडे पाहून ते बोलायचे थांबले. तिथं दोन चमचे हातात घेऊन लांब मिशांचा म्हातारा उभा होता. अलाकझाम. पंचवीस वर्षं जो मला पाहायचा होता तो मी दुसऱ्याच्या हातात, उलटा, सव्वा फुटावरून पाहिला.

आणि मूर्तिजापूर आलं. गाडी इथं फार थांबत नाही. दुसरी बदली राहिलीच. गृहस्थांनी वायर काढली, नीट गुंडाळली, चपला घातल्या. "उद्या परत करतो," ते दारातून म्हणाले. "नोंद हाय ना." त्यांनी तिकीट वर करून दाखवलं आणि माझा अलाकझाम डब्याच्या पिशवीत घालून फलाटावरून चालते झाले. या स्टेशनातून शकुंतला एक्सप्रेस यवतमाळला आणि अचलपूरला जाई, ती बंद पडून कैक वर्षं झाली. एकदा इथं उतरलेली गोष्ट परत कधी चढेल याचा भरवसा नसतो.

दुसऱ्या दिवशी ते गाडीत नव्हते. तिसऱ्याही दिवशी नव्हते. चौथ्या दिवशी बडनेऱ्याच्या फलाटावर दिसले, दोन फायली काखेत, चेहरा ओढलेला. "मार्च अखेर हाय भाऊ," ते म्हणाले. "रात्रीच्या गाडीनं जातो. एप्रिलात देतो. नोंद हाय."

तोवर माझ्याकडे सर्जा. चार हातांचा, शेहेचाळिसाव्या पातळीचा, माझ्या बाकीच्या सगळ्या प्राण्यांच्या वरचढ. पार्टी उत्साहात होती. पुढच्या पैलवानासमोर मी त्याला उतरवला, चाल निवडली. सर्जानं ऐकलं नाही. पुन्हा निवडली. सर्जा इकडे तिकडे पाहत बसला. तिसऱ्यांदा निवडली, तर तो झोपला. या खेळात दुसऱ्याकडून घेतलेला प्राणी तुमच्या बिल्ल्यांच्या मानानं फार मोठा असला तर तुमचं ऐकत नाही. माझ्याकडे बिल्ले तीन.

मी मोठेबाबांना फोन लावला. आता वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं. सगळा प्रकार मी ओरडून सांगितला, सगळ्या डब्यानं ऐकला.

"कोनाचा घेतला?" त्यांनी विचारलं.

"मूर्तिजापूरचा."

"मंग? नवा बैल पंधरा दिवस जुन्या मालकाच्या वावराकडे तोंड करून उभा रायते. त्याले मारू नोको. चारा टाक आन् गप बस."

गाडी बोरगावला उभी होती, सिग्नल नव्हता. पडद्यावर समोरचा पैलवान आपल्या पाळीची वाट पाहत उभा, सर्जा गाढ. मी पिशवीत शोधून त्याच्यासाठी एक गोळी काढली.

"झोपू दे बे," कॅशियर म्हणाले आणि पत्त्यांचं उपरणं सोडलं. "उतारी कोनाची?"